अनुभव धागा: अंगाला काय लावलं, काय मानवलं, काय उतलं

रानमोहर

कॅनडात, एडमंटनला, पहिल्याच हिवाळ्यात माझे हात फुटले. बाहेर उणे तीस, घरात चोवीस तास हीटर आणि पाळणाघरातल्या नोकरीत दिवसभर हात धुणं. बोटांच्या पेरांवर चिरा पडून रक्त यायचं. दुकानातली चार-पाच क्रीमं लावून झाली, पण तेवढ्यापुरतंच बरं वाटायचं. माझ्यासोबत घानाची एक बाई कामाला होती. एका दुपारी तिनं माझा हात ओढून घेतला, डबीतला पिवळट गोळा बोटावर घेतला आणि पेरापेरात चोळला. त्याचा वास आला आणि मी थेट कुरखेड्याच्या आमच्या सपरीत जाऊन बसले. धुराचा, पेंडीचा, किंचित खवट वास. आजीच्या टोळीच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या, तेलाचा.

ते शियाचं लोणी होतं. तिच्या गावी बाया शियाच्या बिया उकडतात, वाळवतात, भाजतात, दळतात आणि त्या लगद्यात पाणी घालून हातानं घुसळत बसतात, मग लोणी वर येतं. आमच्याकडे मोहफूल उन्हाळ्याच्या तोंडाशी वेचून होतं आणि मृगाच्या आगेमागे झाडाखाली टोळ पडू लागतात. आजी ते फोडायची, आतला गर वाळवायची आणि घाणीवर न्यायची. थंडीत ते तेल तुपासारखं थिजायचं. झोपण्याआधी ती बाटली चुलीच्या राखेजवळ ठेवायची आणि आमच्या टाचा धरून बसायची.

पुढे वाचताना कळलं की मोह, शिया आणि मोरोक्कोचं आर्गन ही तिन्ही झाडं एकाच कुळातली, आपल्या चिकूच्या. आर्गनभोवतीच्या तिथल्या बायकांच्या ज्ञानाला युनेस्कोनं २०१४ साली वारशाच्या यादीत घेतलं. त्याची बोटभर बाटली तिकडे काचेच्या कपाटात असते. आणि वसतिगृहात मी टोळीचं तेल लावलं की मुली नाक दाबायच्या, म्हणून मी ते लावणं सोडलं. वीस वर्षं सोडलं. याचं मला आज फार वाईट वाटतं.

म्हणून हा धागा. गावाकडचं असो की परदेशातलं, स्वतःच्या किंवा घरातल्या माणसाच्या अंगाला लावलेलंच सांगा. ऐकीव नको. आणि जे बिघडलं ते आधी सांगा.

पूर्णाकाठ

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. बोअरचं पाणी खारट आणि जड. साबण लावला की फेसाऐवजी पांढरा चोथा होतो. पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी जुळून तो बनतो आणि कितीही पाणी ओता, अंगावर थोडा राहतोच. आई आम्हाला साबण फक्त काखा आणि पावलांना लावू द्यायची. बाकी अंगाला बेसन, कधी मुगाचं पीठ. आणि अंग पुसण्याआधी, ओलं असतानाच, तळहातावर चार थेंब तीळतेल. कारण तिनं कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. गरिबीमुळे साबण पुरवून वापरते असंच मला वाटायचं.

मुलगी लंडनला गेली. पहिल्याच महिन्यात तिचा फोन, ‘‘बाबा, इथेपण किटलीत आपल्यासारखीच खपली धरते.’’ तिथलं पाणी चुनखडीच्या खडकातून येतं, तेही जड. नातू झाला, त्याच्या कोपराच्या खळीत आणि गुडघ्यामागे लाल चट्टे उठले. तिथल्या डॉक्टरनं पहिली गोष्ट केली ती साबण बंद. साबण नसलेलं क्लीन्झर आणि अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच जाड मलम. म्हणजे माझ्या आईचाच क्रम!

मग मी उत्साहानं घरचं बेसन पाठवायला निघालो. डॉक्टरनं स्पष्ट नको म्हटलं. बाळाची त्वचा फाटलेली असताना खाण्याची वस्तू वरून लावली, तर शरीराला तिची ॲलर्जी जडू शकते आणि पुढे ती पोटातही सोसत नाही. हे मला नवीन होतं. धडधाकट कातडीला बेसन लावा, चिघळलेल्याला नको. नातवंडं असलेल्या सगळ्यांनी हे लक्षात ठेवा.

पराटीवाली

मी वऱ्हाडीतच लिहितो ताई, मले तसंच सुचते. आमी वणीकडचे. कापूस वेचाले लागलं का पंधरा दिवसात बोटाईचे शेंडे फाटतात. बोंड उकललं का त्याच्या पाकळ्या वाळून काट्यावाणी होतात, नखाच्या बाजूनं घुसतात. काही बाया चिंधी बांधतात, पण चिंधीनं कापूस सुटत नाही हातचा, मंग काढून फेकतात.

माह्या सासूचा नेम होता. वावरातून आलं का पयले कोपरापासून साबणानं हात धुवाचे, मंगच लेकराले घ्याचं. पराटीवर फवारा मारेल असते न. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषानं माणसं गेली, तवापासून मी सुनेले बी तेच सांगतो. रात्री भाकरी झाल्यावर जवसाचं तेल कोमट करून बोटाले लावाचं आन् जुन्या पातळाच्या पट्ट्या गुंडाळून झोपाचं. सकाळी चिर मऊ पडते, ठणका कमी होते. पण ते तेल लवकर खवट होते, अन् वाळलं का चिकट धरते, गोधडीले डाग पडते. थोडंच काढा अन् लवकर संपवा. मले परदेशाचं काई माईत नाई. टाचेच्या भेगाले कोनाजवळ पक्का उपाय असन त सांगा.

रानमोहर

काकू, हे करून पाहा. टोळीचं तेल चार भाग, मधाच्या पोळ्याचं मेण एक भाग, वजनानं. भांडं थेट विस्तवावर ठेवायचं नाही, उकळत्या पाण्यात धरून वितळवायचं आणि डबीत ओतायचं. रात्री पाय कोमट पाण्यात भिजवून, पुसून, भेगेत दाबून भरायचं आणि मोजे घालायचे. मेण वर पापुद्रा धरतं, त्यामुळे आतला ओलावा उडत नाही. भेग खोल असेल आणि साखरेचा आजार असेल, तर मात्र आधी डॉक्टरला दाखवा.

बिबवा

टाचेच्या भेगांचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्याकडे, मेहकरच्या बाजूला, बिबा सुईला टोचून दिव्यावर धरत आणि त्याचा ठिबकणारा काळा तेलकट रस भेगेत सोडत. माझ्या वडिलांना तो मानवायचा. मी सात वर्षांचा असताना त्यांचं पाहून फोडलेला बिबा हातात घेतला आणि त्याच हातानं तोंड पुसलं. दुसऱ्या दिवशी डोळे उघडेनात. ओठ, पापण्या, गाल सुजून टम्म, त्यावर पाण्याचे फोड. बिबा उतला. पंधरा दिवस आई खोबरं वाटून लावत होती, त्यानं थंडावा मिळायचा इतकंच.

तीस वर्षांनी पेनसिल्व्हेनियात मित्राच्या घरामागे झुडपं तोडत होतो. दोन दिवसांनी मनगटावर रेघांसारखे फोड आले आणि मी बायकोला म्हणालो, ‘‘हा बिबाच आहे!’’ तिथे त्या तीन-तीन पानांच्या वेलीला पॉयझन आयव्ही म्हणतात. बिबा, काजू, आंबा आणि ती वेल, सगळी एका कुळातली, आणि विषाचा प्रकारही जवळचा. ज्याला बिबा उतलेला आहे त्यानं काजूच्या टरफलाचं तेल आणि आंब्याचा चीक जपूनच हाताळावा. लागलंच तर लगेच, पहिल्या काही मिनिटांत, साबणानं भरपूर पाण्याखाली धुवायचं. लगेच धुतलं तरच उपयोग. भेगांना बिबा लावा असं मी कुणालाही सांगणार नाही, वडिलांना मानवला तरी.

उंबरठा

मी हे पहिल्यांदाच लिहितेय. लग्नाच्या आधी, मी एकवीस वर्षांची. स्थळं सावळ्या रंगावरून परत जात होती. आठवडी बाजारातून काकूनं ऐंशी रुपयांची डबी आणली. झाकणावर तुळशीचं चित्र, ‘शुद्ध जडीबुटी’ एवढं लिहिलेलं. आत काय आहे याची यादी नाही, कुणी बनवलं त्याचा पत्ता नाही. दहा दिवसांत चेहरा काचेसारखा झाला. सगळ्या घराला आनंद. चार महिने लावलं.

मग डबी मिळेना झाली. पाचव्या दिवशी चेहरा आगीत धरल्यासारखा. लाल, पुटकुळ्या, गालांवर लव. चुलीसमोर बसता येईना. कुणी म्हणालं घरचंच लाव, म्हणून लिंबाचा रस चोळला आणि तसंच छतावर मिरच्या वाळू घालायला गेले. मे महिना, चंद्रपूरकडचं ऊन. दोन दिवसांनी कपाळावर फोड, त्यांचे पुढे काळे डाग. लिंबाच्या सालीत आणि रसात असं काही असतं की त्यावर ऊन पडलं तर कातडी भाजते. हे मला डॉक्टरकडे गेल्यावर कळलं.

जिल्ह्याच्या गावच्या त्वचेच्या डॉक्टरबाईंनी डबी मागवली, पाहिली आणि हळूच म्हणाल्या, ‘‘यात स्टेरॉइड असणार गं. अशी रोज एक तरी मुलगी येते.’’ कातडी पातळ झाली होती, गालावरच्या शिरा दिसत होत्या. आठ महिने लागले. औषधाशिवाय त्यांनी फक्त तीनच गोष्टी सांगितल्या, सौम्य क्लीन्झर, साधं मलम आणि उन्हात तोंडाला दुपट्टा. माझा चेहरा बरा झाला. रंग होता तोच आहे.

माझी धाकटी बहीण आता कॉलेजात आहे. तिच्या हाती कुणी काही ठेवलं की आमच्या घरात आधी डबी उलटी करून वाचतात.

औषधीवाला

उंबरठाताई, हे लिहिलंत म्हणून मनापासून आभार. मी तालुक्याच्या ठिकाणी औषधाचं दुकान चालवतो. खाज-गजकर्णाच्या, स्टेरॉइड मिसळलेल्या ट्यूबा लोक गोरेपणासाठी मागतात. या जातीच्या बऱ्याच मलमांना डॉक्टरची चिठ्ठी लागते, मी चिठ्ठीशिवाय देत नाही आणि गिऱ्हाईक रागावून जातं. जाऊ दे.

दुसरा धोका पाऱ्याचा. काही वर्षांपूर्वी अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींना गोरेपणाच्या क्रीममुळे किडनीचा आजार झाल्याची बातमी आली होती, क्रीममध्ये पारा निघाला. पारा कातडीतून आत जातो. वेष्टनावर कॅलोमेल किंवा मर्क्युरी शब्द दिसला, किंवा ‘सोन्या-चांदीच्या दागिन्यांपासून दूर ठेवा’ असं लिहिलेलं दिसलं, तर ती डबी घरात ठेवू नका. यादीच नसलेली तर मुळीच नको. परदेशातून पाहुण्यांनी आणलेली असली तरी हाच नियम.

सहाण

उमरेड तालुका. आम्ही काही जण विपश्यनेच्या निमित्तानं म्यानमारला गेलो होतो. तिथे बाया, लेकरं, रिक्षावाले, सगळ्यांच्या गालांवर फिकट पिवळे गोल. थनाका. लाकडाचा तुकडा पाण्यासोबत गोल दगडावर उगाळतात, थेट आपल्या चंदनाच्या सहाणेसारखं. यांगूनच्या श्वेडगॉन पॅगोडाच्या पायऱ्यांवर एका आजीनं माझ्या गालाला लावून दिलं. आधी गार, मग वाळताना कातडी किंचित ओढल्यासारखी, वास मंद चंदनासारखा. थनाका म्हणून तिथे कवठाच्या झाडाची सालही वापरतात. आमच्या धुऱ्यावर कवठ आहे, आम्ही त्याची फक्त चटणी करतो.

दंडारवाला

आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्रभर नाटकं. वडील दंडारीत, म्हणजे इथल्या लोकनाट्यात, बाईचं काम करायचे. तोंडाला सफेदा, म्हणजे जस्ताची पांढरी भुकटी, खोबरेल तेलात कालवून. पहाटे रंग काढायचा तोही तेलानंच, साबण शेवटी. त्यांची कातडी सत्तरीतही चांगली होती. तीच जस्ताची भुकटी आजच्या सनस्क्रीनमध्ये असते, मुलाच्या बाटलीवर वाचलं. लाल रंगासाठी मात्र ते शेंदूर वापरायचे, तो वाईट. त्यात शिसं असतं.

हळदीचं_वावर

समुद्रपूर तालुका, वायगावची हळद पिकवणारे. आमच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. घरच्या लग्नात नवरीला लावायची हळद आम्ही विकायच्या मालातून घेत नाही, ओल्या कंदातली ठेवतो आणि पाट्यावर वाटतो. बाजाराला झगझगीत पिवळं लागतं आणि त्यासाठी काही ठिकाणी शिशाचा पिवळा रंगही मिसळला जातो. म्हणून अंगाला लावायची असो की पोटात जायची, अख्खं हळकुंड घेऊन घरी दळा.

अमेरिकेत १९९५ साली जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं होतं. आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं जुने ग्रंथ पुढे ठेवून लढा दिला आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. त्या वेळी माझ्या आईनं विचारलं होतं, ‘‘मंग मी त्यायले पैसे देऊन लावाची होती का?’’ तिच्या बोटाला तेव्हा विळ्यानं कापलेलं होतं आणि त्यावर हळदच होती.

पराटीवाली

रानमोहर ताई, मेण भेटलं, पारध्याच्या बाईनं देल्लं. पन टोळीचं तेल वणीच्या बाजारात नाई भेटत. करडईचं चालन का?

रानमोहर

चालेल काकू, मेणामुळे तेही बसेल. पण यंदा मृगात मी कुरखेड्यालाच आहे. आईनं टोळ वाळत घातलेत, घाणी सुरू झाली की पहिली बाटली तुम्हाला. पत्ता खासगीत कळवा.