मदत हवी आहे: इंडिका भांगेचं चित्र काढतोय, पानं नक्की कशी?

मंडळी, वनस्पतींची रेखाचित्रं काढतो. सध्या इंडिका जातीवर अडलोय. (पिकवायची नाही हो, फक्त कागदावर उतरवायची आहे!)

झाड बुटकं, झुडुपासारखं भरगच्च, पेरं जवळजवळ, एवढं जमलं. घोळ पानात आहे. दातेरी कडा आणि हाताच्या बोटांसारख्या पसरलेल्या पर्णिका (एका पानाचे सुटे भाग) काढल्या, पण किती रुंद? आज इंडिका म्हणून जे दाखवतात, त्यात त्या इतक्या रुंद की एकमेकींवर चढतात. हे हिंदुकुशकडचं वाण. उलट फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने 1785 मध्ये भारतातल्या नमुन्यांवरून ज्या झाडाला इंडिका म्हटलं, त्याच्या पर्णिका अरुंद! म्हणजे नाव एकाचं, चेहरा दुसऱ्याचा. मग चित्राखाली लिहू काय?

दुसरं म्हणजे, नर आणि मादी झाडं वेगळी असतात. मादीच्या फुलाचे दोन केसांसारखे कुक्षीवृंत (परागकण टिपणारे तंतू) मी पांढरट दाखवलेत, पुढे ते तपकिरी होतात. रात्री मोठ्या झाल्या की फुलोरा येतो, तेव्हा टोकाकडच्या पानांच्या पर्णिका कमी होत जातात का? माझ्या कच्च्या चित्रात शेंड्यापर्यंत सातच आहेत आणि ते डोळ्यांना खटकतंय.

वनस्पतिशास्त्रवाल्यांनी जरा सांगा, शाई लावायची थांबलोय.