ग्वाल्हेरात पश्चिममुखी प्लॉट, एसीशिवाय घर थंड कसं ठेवायचं?

लष्करकर:
नमस्कार मंडळी, ३०x५० फुटांचा प्लॉट घेतलाय, तोंड नेमकं पश्चिमेला. आई-बाबा दिवसभर घरीच असतात आणि मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो हे तुम्हाला सांगायला नको. ठेकेदार म्हणतो नऊ इंची भिंत उचलू, खोलीखोलीत एसीचा पॉइंट काढून देतो, झालं. मला असं घर नकोय. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या जुन्या वाड्यात दगडी भिंती हातभर जाड, बाहेर लू (उन्हाळी गरम वारा) चालली असली तरी माजघरात पंख्याखाली छान झोप लागायची. साध्या बजेटमध्ये तसं काही जमेल का? एएसी ब्लॉक (सच्छिद्र सिमेंटचे हलके ठोकळे) घेऊ का, आणि सोलर किती?

इंदूरची_आर्किटेक्ट:
दादा, सोलर सगळ्यात शेवटी, आधी गच्चीचं बघा. ग्वाल्हेर २६ अंश उत्तरेला, जूनच्या दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर, म्हणजे सगळ्यात जास्त ऊन गच्चीवर आणि तीननंतर पश्चिमेच्या भिंतीवर. स्लॅबच्या वरून (खालून नाही!) ५० मिमी एक्सपीएस शीट (उष्णता अडवणारा कडक फोम), त्यावर कोबा आणि वर पांढरी चायना मोझॅक (चकाकत्या टाइल्सचे तुकडे), एवढं केलं तरी वरच्या मजल्यावर खूप फरक पडतो. दक्षिणेच्या खिडक्यांना दोन फुटी छज्जा द्या, जूनचं ऊन अडतं आणि डिसेंबरात सूर्य ४० अंशांपर्यंतच चढतो त्यामुळे थंडीत ऊन आपोआप आत येतं, तुमच्याकडच्या कडाक्यात ते हवंच. पश्चिमेला मात्र छज्जाचा उपयोग नाही, ऊन आडवं येतं, तिकडे जिना, बाथरूम, स्टोअर टाका, खिडकी असलीच तर लहान आणि बाहेरून चिकाचा (बांबूच्या काड्यांचा) पडदा. आतून पडदा लावून काय होणार, काचेतून ऊन आत शिरलं ते शिरलंच.

गवंड्याचा_मुलगा:
एएसी ब्लॉक चांगलेच, पण मिस्त्री ते भिजवून लावतात आणि मग प्लास्टरला भेगा जातात, नीट समजावून सांगा. दुसरा पर्याय रॅट-ट्रॅप, वास्तुकार लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेली पद्धत, विटा कडेवर उभ्या लावायच्या आणि मध्ये पोकळी, भिंत नऊ इंचीच पण विटा साधारण २५ टक्के कमी लागतात आणि पोकळीमुळे उष्णता आत यायला वेळ लागतो. विटा एकसारख्या हव्यात आणि वायरिंग आधीच ठरलेलं हवं, नंतर भिंत फोडत बसायचं काम नाही.

लष्करकर:
ताई, जिना पूर्वेला दाखवलाय, नकाशा अजून मंजुरीला गेला नाही, उद्याच बदलायला सांगतो. भाऊ, रॅट-ट्रॅप जमणारा मिस्त्री इथे शोधावा लागेल.

मुरारकर:
सोलरचं सांगतो, पीएम सूर्य घर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आहे, पॅनल उंच स्टँडवर बसवा म्हणजे गच्चीवर सावलीही पडते. पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घ्या, साध्याला ७५ वॅट लागतात तिथे हे तीसेक वॅटमध्ये फिरतात. आणि कूलरची जागा आत्ताच नकाशात धरा, उत्तरेच्या खिडकीत, सावलीत. मे मध्ये हवा कोरडी असते म्हणून कूलर छान चालतो, फक्त समोरची खिडकी थोडी उघडी ठेवायची, नाहीतर आत नुसती दमट कोंडी होते. पावसाळ्यात तो चालणार नाही, तेव्हासाठी आई-बाबांच्या खोलीत एक एसी पॉइंट ठेवाच, त्यांच्या वयाला तेवढं हवं.