फ्रोझन फोर: फायनलचं तिकीट कधी घ्यावं?

प्रश्न: फ्रोझन फोरची, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज आइस हॉकीच्या शेवटच्या चार संघांच्या सामन्यांची, फक्त फायनल बघायची आहे, चौघांना. रिसेलवर (दुसऱ्यांनी परत विकायला काढलेलं) तिकीट आत्ताच घ्यावं की थांबावं?

उत्तर: थांबा. गुरुवारी दोन्ही सेमीफायनल, शनिवारी फायनल. बरेच जण दोन्ही दिवसांचं तिकीट एकत्रच घेतात. गुरुवारी रात्री हरलेल्या दोन संघांचे चाहते शनिवारचं विकायला काढतात. शुक्रवारी भाव बघा.

उत्तर: दरवेळी नाही हं. २०२५ला सेंट लुइसमध्ये फायनलला वेस्टर्न मिशिगन आणि बोस्टन युनिव्हर्सिटी, दोघेही बाहेरचे. पण सामने मिनेसोटातल्या सेंट पॉलला आणि फायनलला मिनेसोटाचाच संघ, तर भाव उतरायची बसा वाट बघत!

उत्तर: स्क्रीनशॉटवर पैसे देऊ नका, ॲपमधला बारकोड बदलत राहतो. तिकीट तुमच्या खात्यात ट्रान्सफर व्हायला हवं. चार सीट सलग मिळणं अवघड, दोन-दोन घ्या.