‘ट्रान्झिट ओरिएंटेड डेव्हलपमेंट’ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा
नगर परिषदेच्या ठरावाच्या मसुद्यात या शब्दाचं भाषांतर ‘संक्रमण-केंद्रित विकास’ असं आलंय. अभिप्रेत आहे ते असं: स्टेशनपासून पायी जाता येईल एवढ्या टापूत घरं, दुकानं, दवाखाना, शिकवणीवर्ग एकमेकांना लागून, आणि तिथवर चालत जायची नीट वाट. सभेत सगळ्यांना कळेल असा शब्द सुचवा.

भाषेच्या अंगानं
‘संक्रमण’ म्हटलं की लोकांना एक तर मकरसंक्रमण आठवतं, नाही तर साथीचा रोग. ‘पारगमन’ नाक्यावरच्या शुल्काला चिकटलेलं आहे. आपल्याकडे विदर्भात ‘ट्रान्झिट’ हा शब्द खेड्यापर्यंत पोचला तो जंगलातला बांबू-तेंदू बाहेर न्यायच्या ‘ट्रान्झिट पास’मुळे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला २०११ मध्ये बांबूसाठी अशा पासांचं पुस्तक मिळालं तेच. तिथे ‘वाहतूक परवाना’ बरोबर, कारण माल हलतो. इथे माणूस गाडीतून उतरतो आणि चालायला लागतो. म्हणून सरळ ‘स्थानक’ घ्या. चांदूर रेल्वे, धामणगाव रेल्वे अशी गावांची नावंच स्टेशनावरून पडलेल्या मुलखात हे समजावून सांगावं लागणार नाही.

नगररचनेच्या अंगानं
‘स्थानक’ मान्य. पण पुढे ‘परिसर विकास’ जोडू नका, अशी कळकळीची विनंती. अंदाजपत्रक शब्दावरून बनतं. ‘परिसर विकास’ लिहिलं की कमान, हायमास्ट म्हणजे उंच खांबावरचे दिवे, पार्किंग आणि संरक्षक भिंत येते. भिंतीपलीकडची दुकानं स्टेशनाकडे पाठ करून उभी राहतात. ‘स्थानकाभिमुख विकास’ म्हणा. अभिमुख म्हणजे तोंड तिकडे असलेलं: दुकानाचं शटर, घराचं दार, गल्लीचं टोक स्टेशनाच्या वाटेवर उघडणारं.

टापू साधारण ५०० ते ८०० मीटरचा धरतात. चाल मिनिटाला ८० मीटर धरली तर ८०० मीटरला दहा मिनिटं. मात्र नकाशावर परकारानं वर्तुळ काढून मोकळं होऊ नका. लाइनपारची वस्ती वर्तुळात २०० मीटरवर दिसते, पण फाटकाला वळसा घालून तेच अंतर किलोमीटरभर होतं. भुयारी मार्ग असला आणि त्यातलं पाणी काढायची सोय नसली, तर पावसाळ्यात तीही वाट बंद. ठरावात ‘प्रत्यक्ष पायी अंतर’ असंच लिहा.

बांधकामाच्या अंगानं
‘वॉकेबल’ला ‘चालण्यायोग्य’ हा ओढूनताणून केलेला शब्द आहे. विदर्भात आपण ‘पायदळ गेलो’ म्हणतो. पुण्याकडे पायदळ म्हणजे सैन्य, इथे पायी जाणं. फलकावर ‘पायदळ रस्ता’ लिहिलं तर कोणी अडखळणार नाही. ठरावात ‘पादचारी मार्ग’ राहू द्या.

मापंही त्याच ठरावात घाला: मोकळी रुंदी किमान १.८ मीटर, बाजाराच्या भागात २.५, रस्त्यापासून उंची १५ सेंटिमीटरच्या वर नाही, चढण्या-उतरण्याच्या रॅम्पचा उतार बाराला एक. पानठेल्यांसाठी वेगळी पट्टी आखून द्या, नाही तर ते १.८ मीटर कागदावरच राहतात.

आपल्या भागात खरी अडचण काळ्या मातीची. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट रेती टाकून गट्टू (पेव्हर ब्लॉक) बसवले तर एक-दोन पावसाळ्यांत काही उचलतात, काही खचतात. म्हाताऱ्या माणसाची चप्पल तिथेच अडकते. आधी काळी माती काढा, मुरूम थराथरानं दाबा, वर खडी, मग ३-४ सेंटिमीटर रेती. कडेला कर्ब, म्हणजे काठाचा दगड, पक्का हवा, तो हलला की सगळी ओळ सुटते. पाणी नालीकडे जायला शंभराला दोन उतार द्या. आणि झाडं: मे महिन्यात ४५ अंशांत सावलीविना ३०० मीटरही कोणी पायदळ जात नाही. कडुनिंब लावा.

महसुलाच्या अंगानं
‘मिक्स्ड-यूज’ला मसुद्यात ‘बहुउद्देशीय’ आलं असेल तर तेही बदला. बहुउद्देशीय सभागृहात आज लग्न, उद्या सभा: जागा एक, वापर आळीपाळीनं. इथे खाली किराणा आणि वर बिऱ्हाड एकाच वेळी असतं. तो ‘मिश्र वापर’. हा फरक नझूलच्या, म्हणजे शहरातल्या भाडेपट्ट्यानं दिलेल्या सरकारी जागेवर फार नडतो. पट्ट्यात प्रयोजन निवासी किंवा वाणिज्यिक असं लिहिलेलं असतं, आणि निवासी पट्ट्यावर दुकान काढलं की शर्तभंगाचा प्रश्न उभा राहतो. म्हणून आराखड्याआधी टापूतल्या नझूल पट्ट्यांची यादी प्रयोजनासह काढा. पूर्वीच्या शेतजमिनीला अकृषक (शेतीखेरीज वापराचा) आदेश झालेला असेल, तर त्यातलं प्रयोजनही बघा.

विचारणाऱ्याकडून
मसुद्यात आता असं घेतो: ‘स्थानकाभिमुख विकास, म्हणजे स्थानकापासून प्रत्यक्ष पायी ८०० मीटरच्या आतील मिश्र वापराची वस्ती व तिला जोडणारे सावलीचे पादचारी मार्ग.’ मापं आणि नझूलची यादी परिशिष्टात जोडतो. फलकावर ‘पायदळ रस्ता’.