‘चुकलेली सदसद्विवेकबुद्धी’ असे म्हणता येते का?

भुसावळकरीण
आमच्या चर्चमधील अभ्यासगटासाठी मी ‘मतदान आणि नीती’ या विषयावरील चार पानांचा मजकूर मराठीत आणत आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या १७९० व्या परिच्छेदात दोन विधाने लागोपाठ येतात. माणसाने आपल्या कॉन्शन्सचा, म्हणजे बरे-वाईट ठरवणाऱ्या आतल्या जाणिवेचा, निश्चित कौल नेहमी पाळला पाहिजे, हे पहिले. आणि अज्ञानापोटी हा कॉन्शन्स चुकीचा कौलही देऊ शकतो, हे दुसरे. पहिल्या विधानात ‘सदसद्विवेकबुद्धी’ चपखल बसते, पण दुसऱ्यात ती अडते. सत् काय आणि असत् काय हे जिला कळते तीच सदसद्विवेकबुद्धी. मग ती चुकली, तर त्या नावाला पात्र उरलीच कशी?

गेल्या रविवारी सत्तरी ओलांडलेल्या एका मावशींनी कच्चा मजकूर मोठ्याने वाचला. या शब्दावर त्या दोनदा अडखळल्या. तिसऱ्यांदा त्यांनी ओळीवर बोट ठेवले, चष्मा कपाळावर सरकवला आणि सरळ ‘मन’ असे वाचून त्या पुढे गेल्या. कोणाचेही काही अडले नाही. मग ‘मन’च ठेवावे का?

अमळनेरचे मास्तर
ताई, प्रथम आपले अभिनंदन, कारण आपण ‘सदसद्’ असे शुद्ध लिहिले आहे. सत् अधिक असत् म्हणजे सदसत्. तरीही वर्तमानपत्रांपासून लग्नपत्रिकांपर्यंत सर्वत्र ‘सद्सद्’ छापले जाते, आणि त्यातून ‘असत्’ नाहीसे होऊन केवळ ‘सत्’ दोनदा उरते. (लग्नपत्रिकेत हा शब्द कशाला हवा, हे मी त्या यजमानांना विचारले नाही.)

आता मूळ शंका. विवेक हा शब्द ‘विच्’ या धातूपासून आला आहे आणि त्या धातूचा अर्थ वेगळे करणे, निवडणे, धान्य पाखडून भुसा बाजूला काढणे असा आहे. विवेक ही क्रिया आहे, तिचे फळ नव्हे. आमच्या खळ्यावर ज्वारी उफणताना वडील तिवईवर उभे राहात आणि वारा एकाएकी फिरला की चांगला दाणाही भुशात जाऊन पडे. परंतु म्हणून त्यांनी केले ते उफणणे नव्हते, असे कोणी म्हणत नसे. विवेकही तसाच चुकू शकतो. शब्दात विसंगती नाही.

तापीकाठ
मास्तर, खळ्याचा दाखला सुंदर आहे, पण आज ‘विवेक’ ऐकून धान्य पाखडणे कोणाला आठवते? शब्दाचा अर्थ धातूपाठात नसतो, तो बोलणाऱ्याच्या तोंडी असतो. ‘विवेकी माणूस’ म्हणजे योग्य तेच करणारा माणूस, आणि चुकला की आपण त्याला अविवेकी म्हणतो. भुसावळकरताईंची अडचण म्हणूनच खरी आहे.

माझे मत मावशींच्या बाजूने आहे. ‘जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळग’ असे आपण म्हणतो तेव्हा हे मन म्हणजे कॉन्शन्सच असते. तुकोबांनी ‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही । मानियेले नाही बहुमता’ असे म्हटले, त्यातही मन साक्षीदार आहे आणि समोर बहुमत उभे आहे. मतदानाच्या पत्रकाला याहून जवळचा आधार मराठीत शोधून सापडणार नाही.

नंदुरबारचे धर्मशिक्षक
तुकोबांचा दाखला मलाही प्रिय आहे, कारण बायबलमधील रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौलही कॉन्शन्सला साक्ष देणाराच म्हणतो. तरीही केवळ ‘मन’ म्हणण्यात धोका आहे, आणि तो आपल्याच मातीतल्या बहिणाबाईंनी आपल्याला दाखवला आहे. त्यांचे मन वढाय आहे, उभ्या पिकात शिरणारे ढोर आहे, कितीही हाकलले तरी पुन्हा पिकावर येणारे. अशा मनाचा कौल नेहमी पाळावा, असे मी वर्गातल्या मुलांना कोणत्या तोंडाने सांगू?

कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी आधुनिक जगातील चर्चविषयी जी घटना (म्हणजे अधिकृत शिकवणपत्र) प्रसृत केली, तिच्या सोळाव्या परिच्छेदात कॉन्शन्सला माणसाचा अत्यंत गुप्त गाभा म्हटले आहे, जिथे तो देवाबरोबर एकटा असतो. लॅटिनमध्ये तिथे ‘साक्रारिउम’ असा शब्द आहे, आणि त्यासाठी मी गेली अनेक वर्षे ‘गाभारा’ वापरतो. हा देवळाचा शब्द असल्याची तक्रार काही जण करतात. १६१६ साली क्रिस्तपुराण छापणाऱ्या फादर स्टीफन्सना ‘वैकुंठ’ चालला, तर मला गाभारा का चालू नये?

धुळ्याचे वकील
या चर्चेत राज्यघटना कोणीच काढली नाही, याचे आश्चर्य वाटते. पंचविसाव्या अनुच्छेदातील ज्या स्वातंत्र्याला मराठीत आपण सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य म्हणतो, त्यासाठी हिंदी पाठात ‘अंतःकरण’ आहे. केरळमधील तीन विद्यार्थी राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभे राहात, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. त्यांना शाळेतून काढणे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली याच अनुच्छेदाच्या आधारे चुकीचे ठरवले. त्यांची श्रद्धा बरोबर की चूक, हा निवाडा न्यायालयाने केला नाही. ती प्रामाणिक आहे का, एवढेच पाहिले. म्हणजे चुकू शकणाऱ्या कॉन्शन्सलाही संरक्षण आहे. माझा कौल ‘अंतःकरणा’ला आहे.

‘अंतरात्मा’ मात्र कृपया नको. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत इंदिरा गांधींनी अंतरात्म्याच्या आवाजानुसार मतदान करण्याची हाक दिली, पक्षाचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी पडले आणि गिरी निवडून आले. तेव्हापासून आपल्या राजकारणात कोणाचा अंतरात्मा बोलू लागला की लोक आधी तो कोणत्या पक्षात निघाला आहे, ते विचारतात.

अमळनेरचे मास्तर
‘ग्वाही’ हा फारसी ‘गवाही’ आहे, एवढे नोंदवून ठेवतो. पत्रकात ‘साक्ष’ लिहावे. तसेच लॅटिन ‘कॉन्शिएन्तिया’ म्हणजे ‘सह’ अधिक ‘ज्ञान’. त्याला शब्दशः जुळणारा संस्कृत शब्द ‘संविद्’ आपल्याकडे तयार पडून आहे.

धुळ्याचे वकील
सर, ‘संविद्’ लिहिलेत तर माझे पक्षकार त्याला संविदा समजतील आणि करारावर सही कुठे करायची, ते विचारतील.

तापीकाठ
तुकोबांना जी ‘ग्वाही’ चालली ती आपल्याला अशुद्ध वाटावी, हे सोवळे कुठवर न्यायचे? उद्या ‘वकील’ही अरबी म्हणून धुळ्याच्या साहेबांना आपण अधिवक्ता करणार का?

भुसावळकरीण
चर्चा रंगली आहे, पण माझी गरज जराशी वेगळी आहे. त्याच बैठकीत एका गृहस्थांनी सांगितले, “निवडणुकीत पाकीट घेतले, पण मत मनानेच दिले, मग मन खाईल कशाला?” ते अगदी प्रामाणिकपणे बोलत होते आणि दोघा-तिघांनी मानही हलवली. १७९१ वा परिच्छेद नेमका अशाच प्रसंगाला लागू पडतो: सत्य आणि हित काय ते शोधण्याची माणूस फारशी तसदी घेत नाही, किंवा पापाच्या सवयीने त्याचा कॉन्शन्स हळूहळू जवळजवळ आंधळा होतो, तेव्हा त्या अज्ञानाला तो स्वतःच जबाबदार असतो. त्या गृहस्थांना ‘तुमची सदसद्विवेकबुद्धी चुकली’ म्हटले तर तो अपमान वाटतो; ‘तुमचे मन चुकले’ म्हटले तर ते हसून म्हणतील, मन काय, चुकतेच. मला मधला शब्द हवा आहे. ‘अंतःकरण’ तो भार पेलेल का? मराठीत अंतःकरण भरून येते, द्रवते, कोमल असते. ते निवाडा करताना मी ऐकलेले नाही.

नंदुरबारचे धर्मशिक्षक
निवाड्याचाच प्रश्न असेल, तर इंग्लंडमधील कॅथलिक विचारवंत कार्डिनल न्यूमन यांनी १८७५ साली नॉर्फोकच्या ड्यूकला लिहिलेल्या पत्रातील कॉन्शन्सवरच्या प्रकरणाचा शेवट पाहावा. जेवणानंतर प्याला उंचवायचाच झाला, तर आधी कॉन्शन्ससाठी आणि मग पोपसाठी, अशा अर्थाचे ते वाक्य आहे. पोप लिओ चौदावे यांनी १ नोव्हेंबर २०२५ रोजी न्यूमन यांना चर्चचे आचार्य (डॉक्टर ऑफ द चर्च) घोषित केले. हे वाक्य मी एकदा मराठीत ‘आधी मन, मग पोप’ असे सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरून ‘मग रविवारची मिस्सा चुकवली तरी चालेल ना?’ असा प्रश्न आला. ‘आधी सदसद्विवेकबुद्धी, मग पोप’ म्हटले तेव्हा कोणीच काही विचारले नाही. ते झोपले होते.

अमळनेरचे मास्तर
आचार्य हा शब्द इथे योग्य आहे का, यावर खरे तर स्वतंत्र चर्चा व्हायला हवी. चर्चचे आचार्य, की धर्मपंडित?

भुसावळकरीण
छपाई गुरुवारी आहे. पहिल्या विधानात ‘सदसद्विवेकबुद्धी’ आणि दुसऱ्यात ‘मनाचा कौल’ अशी तडजोड तूर्त केली आहे. एकाच ग्रंथातील एकच शब्द मी दोन ठिकाणी दोन प्रकारे लिहिला, हे कोणाच्या लक्षात आले तर उत्तर माझ्याकडे नाही. शिवाय १७९३ व्या परिच्छेदात, प्रयत्न करूनही ज्यातून सुटता येत नाही आणि म्हणून ज्याचा दोष माणसाला लागत नाही, अशा अज्ञानासाठी मूळ विशेषणाचा अर्थ ‘जिंकता न येणारे’ असा आहे. मी ‘अजिंक्य अज्ञान’ लिहिले, तर मावशी म्हणाल्या, “हे काय गडाचे नाव आहे का?”