श्रावण ते दिवाळी माल किती भरायचा? आणि मखाना, मिलेट्स यांची मागणी टिकणारी की वाऱ्यावरची?

पीठभाजणी_सांगली

नमस्कार मंडळी. पिठं, भाजण्या, उपवासाचा माल आणि सणावाराला फराळ असं छोटं दुकान आहे. 2023 पासूनची बिलं संगणकात आहेत, म्हणजे आकडे हाताशी आहेत. दोन गोष्टींत मार्गदर्शन हवं आहे.

पहिली: मागच्या वर्षीची विक्री अधिक दहा टक्के असा अंदाज धरला की हमखास चुकतो. कधी भगर उरते, कधी ऐन दिवशी राजगिरा संपतो. सणासुदीचा अंदाज बांधायची नीट रीत काय?

दुसरी: मखाना, नाचणी-ज्वारीचे तयार पदार्थ, प्रोटीनवाली पिठं, एअर फ्रायरमध्ये करायचे अर्धकच्चे पदार्थ, सगळ्यांचीच विचारणा होते. यातलं काय दोन-तीन वर्षं चालेल हे आधी कळायला काही मार्ग आहे का? गुगल ट्रेंड्स उघडून बघते, पण 100 म्हणजे नक्की किती हेच समजत नाही.

तिथीवार

ताई, पहिल्या प्रश्नाचं मूळ तारखेत आहे. तुमचा माल तिथीवर खपतो आणि संगणक इंग्रजी महिन्यावर बेरीज मारतो. चांद्र वर्ष साधारण 354 दिवसांचं, म्हणून सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात. मध्ये अधिक मास आला की एकदम अठरा-एकोणीस दिवस पुढे जातात. यंदा 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे त्यानंतरचं सगळंच पुढे गेलं आहे:

आषाढी: 2025 ला 6 जुलै, 2026 ला 25 जुलै.
गणेश चतुर्थी: 27 ऑगस्ट, यंदा 14 सप्टेंबर.
घटस्थापना: 22 सप्टेंबर, यंदा 11 ऑक्टोबर.
लक्ष्मीपूजन: 21 ऑक्टोबर, यंदा 8 नोव्हेंबर.

म्हणजे गेल्या वर्षीच्या सप्टेंबरच्या विक्रीत नवरात्राचे नऊ दिवस होते, यंदाच्या सप्टेंबरमध्ये एकही नाही. सप्टेंबरची सप्टेंबरशी तुलना केली तर भगर उरणारच.

करायचं असं. बिलांच्या तक्त्यात तारखेशेजारी तीन रकाने वाढवा: मराठी महिना, तिथी आणि 'सणाला किती दिवस बाकी'. हा तिसरा रकाना सगळ्यांत कामाचा. घटस्थापना शून्य धरा, आदल्या दिवसाला उणे एक, त्याआधीच्याला उणे दोन. मग तीन वर्षांची राजगिऱ्याची विक्री उणे दहा ते अधिक दहा अशी एकाखाली एक लावा. बहुतेक दुकानांत चढ कुठे सुरू होतो ते असं मांडल्यावर लगेच दिसतं, आणि माल नेमका कोणत्या दिवशी दुकानात हवा तेही ठरतं.

दिवस मोजायला मात्र विसरू नका. 2024 च्या श्रावणात पाच सोमवार होते, 2025 ला चार, यंदाही 17, 24, 31 ऑगस्ट आणि 7 सप्टेंबर असे चारच. 2025 चं नवरात्र तिथीवृद्धीमुळे एक दिवस लांबलं होतं. म्हणून 'श्रावणात अमुक किलो' असं न धरता 'एका श्रावणी सोमवारी अमुक किलो' असं काढा आणि यंदाच्या संख्येने गुणा. एकादशी, संकष्टी, अंगारकी यांचंही तसंच. संकष्टी मंगळवारी आली की अंगारकी, आणि त्या दिवशी उपवास करणारे वाढतात, त्यामुळे तिचा हिशेब साध्या संकष्टीत मिसळू नका.

अजून एक ठिकाण, जिथे पुष्कळ जण फसतात: खजूर. 2025 आणि 2026 दोन्ही वर्षी महाशिवरात्र आणि रमजानची सुरुवात जवळपास एकाच आठवड्यात आली, त्यामुळे खजुराची मागणी एका उंच शिखरात दिसते. रमजानला अधिक मास नाही, तो सरकतच राहतो. 2027 ला महाशिवरात्र 6 मार्चला आहे आणि रमजान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, चंद्रदर्शनाप्रमाणे, सुरू होईल. एकाच वेळी सगळा खजूर भरू नका, दोन हप्त्यांत घ्या.

संक्रांत या सगळ्यातून वगळा. ती सूर्यावर चालते, 14-15 जानेवारी सोडत नाही. तिळासाठी इंग्रजी तारीखच बरोबर.

आलेखवाचक

गुगल ट्रेंड्सबद्दल लिहितो. तिथला 100 म्हणजे शंभर माणसं किंवा शंभर शोध नव्हेत. तुम्ही निवडलेल्या काळात आणि प्रदेशात त्या शब्दाचा एकूण शोधांमधला वाटा ज्या आठवड्यात सर्वाधिक होता, त्या आठवड्याला 100 म्हणतात. बाकी सगळं त्याच्या प्रमाणात. त्यामुळे 'मखाना 100' आणि 'सत्तू 100' हे दोन वेगळ्या पानांवर पाहिले तर तुलना होत नाही. दोन्ही एकाच पानावर टाका (एका वेळी पाच शब्द चालतात), आणि त्यात एक ओळखीचा, स्थिर शब्द मापासाठी ठेवा, उदाहरणार्थ 'पोहे'. मखाना पोह्यांच्या तुलनेत कुठे आहे हे कळलं की आलेखाला अर्थ येतो.

मग हे बघा:

प्रदेश महाराष्ट्र आणि काळ पाच वर्षांचा घ्या. एका शहरापुरतं पाहिलं तर शोध इतके थोडे असतात की आलेख शून्यावर आपटत राहतो आणि ती मागणीतली घट वाटते. आकडे नमुन्यावरून काढलेले असतात, म्हणून तोच शोध दुसऱ्या दिवशी केला तर थोडा फरक पडतो. चार-पाच अंकांच्या हालचालीवरून काही ठरवू नका.

शब्द सगळ्या रूपांत तपासा. भगर, वरई, वरी तांदूळ हे एकच धान्य. हिंदीत त्याच अर्थाने समा के चावल शोधतात, आणि पुष्कळ लोक रोमन लिपीत टाइप करतात. फक्त देवनागरी 'भगर' पाहिलं तर निम्मं चित्र दिसतं.

1 जानेवारी 2016 आणि 1 जानेवारी 2022 या दोन ठिकाणी आलेखावर बारीक टीप असते: माहिती गोळा करायची पद्धत तेव्हा सुधारली. तिथेच उडी दिसली तर ती लोकांच्या आवडीतली उडी असेलच असं नाही.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे कुतूहल आणि खरेदी वेगळी काढा. 'मखाना खाण्याचे फायदे' हे कुतूहल. 'मखाना चिवडा कसा करायचा' ही स्वयंपाकघरात पोचल्याची खूण. 'मखाना एक किलो भाव' ही खरेदी. पहिला शोध उंच आणि तिसरा सपाट असेल तर अजून थांबा. तिसरा दरवर्षी थोडा थोडा वर सरकत असेल, तर तो माल मी ठेवेन.

शोधांवरून अंदाज किती घसरू शकतो याचा मोठा दाखला म्हणजे गुगल फ्लू ट्रेंड्स. 2008 ला सुरू झालं, शोधांवरून फ्लूची साथ ओळखायची अशी कल्पना. 2012-13 च्या हिवाळ्यात त्याचा अंदाज अमेरिकेच्या सरकारी नोंदींच्या जवळपास दुप्पट निघाला, आणि 2015 ला ते बंद झालं. बातम्या पाहून धडधाकट माणसंही फ्लूबद्दल शोधतात, हे त्यामागचं एक मोठं कारण मानतात. आरोग्याशी जोडलेल्या प्रत्येक पदार्थाला हा धोका आहे. टीव्हीवर कुणी 'साखर सोडा' म्हटलं की शोध वाढतात, पण दुकानातली साखर तितकीच विकली जाते.

गिरणीकट्टा

दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर एका वाक्यात: एकूण खप बघू नका, परत येणारं गिऱ्हाईक मोजा.

समजा नाचणीचं डोसा पीठ. आठवड्याला 60 पाकिटं जातात, चार आठवडे तसाच आकडा. दिसायला झकास. आता फोड करा. 60 मधली 50 पाकिटं पहिल्यांदा घेणाऱ्यांची आणि 10 परत आलेल्यांची असतील, तर नवीन माणसं संपली की विक्री 10 वर येईल. तेच उलट, 25 नवी आणि 35 जुनी असतील, तर आज एकूण तेवढंच असूनही तो माल टिकणारा आहे. बिलावर मोबाइल नंबर घेत असाल तर हे काढायला तासभर लागतो.

चाचणी घेताना पाकीट लहान ठेवा, 200 ग्रॅमचं. किलोचं पाकीट दिलं तर घरात ते संपायलाच महिना जातो आणि लोक परत का आले नाहीत ते समजत नाही. आठ आठवडे थांबा. मध्ये सवलत देऊ नका, नाहीतर तुम्ही पदार्थाची परीक्षा न घेता सवलतीची परीक्षा घेता. किमतीवरून आठवलं: सप्टेंबर 2025 ला पाकीटबंद नमकीनवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. चिवडा-शेवेची त्यानंतरची वाढ आवडीतली की स्वस्ताईतली हे वेगळं तपासा.

मिलेट्सबद्दल. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, त्यामुळे त्या वर्षीचे सगळे आकडे फुगलेले समजा. शिवाय आपल्याकडे या धान्यांना ऋतू आहे. बाजरी थंडीची, भोगीला तर तीळ लावलेली बाजरीची भाकरी लागतेच. नाचणीचं आंबील उन्हाळ्याचं. जानेवारीत बाजरी वाढली म्हणून आरोग्याची लाट आली असं धरून एप्रिलसाठी बाजरीचं पीठ दळून ठेवलं की ते कडू होणार. बाजरीत स्निग्धांश साधारण पाच टक्के असतो, दळल्यावर तो हवेला उघडा पडतो आणि आठवड्याभरात पिठाला खवट वास येऊ लागतो. बाजरी धान्यरूपात ठेवा आणि आठवड्याला लागेल तेवढीच दळा. ज्वारी, नाचणी त्या मानाने सोशिक आहेत.

एअर फ्रायरचा विचार मी वेगळा करतो. यंत्र एकदा घरात आलं की जात नाही, ओट्यावर जागा अडवून बसतं, म्हणून ते वापरणाऱ्या घरांची संख्या साठत जाते. पदार्थाच्या लाटेपेक्षा हा पाया भक्कम. पण अर्धकच्च्या मालाला शीतकपाट आणि विजेची खात्री लागते. भारनियमन असेल तर त्यात हात घालू नका.

आकडेमोड

अंदाज आला तरी 'किती भरायचं' हा प्रश्न उरतोच, कारण अंदाज आणि ऑर्डर एक नसतात. कमी पडल्याचा तोटा आणि उरल्याचा तोटा सारखा नसतो.

सूत्र असं: कमी पडल्यास प्रति नग बुडालेला नफा भागिले (बुडालेला नफा अधिक उरल्यास होणारं नुकसान).

चकली, किलोमागे रुपयांत: खर्च 260, विक्री 400, दिवाळीनंतर उरलेली 180 ला जाते. बुडालेला नफा 140, नुकसान 80. 140 भागिले 220, म्हणजे 64 टक्के.

उकडीचे मोदक, एका नगामागे: खर्च 22, विक्री 40, उरले तर शून्य. 18 भागिले 40, म्हणजे 45 टक्के.

आता जुन्या दहा सणांचे 'प्रत्यक्ष मागणी भागिले अंदाज' असे आकडे काढून चढत्या क्रमाने लावा. समजा: 0.82, 0.88, 0.91, 0.95, 0.98, 1.02, 1.05, 1.09, 1.15, 1.24. चकलीसाठी दहाचे 64 टक्के म्हणजे 6.4, वरचा पूर्ण आकडा धरून सातवा, 1.05. अंदाज 300 किलो असेल तर 315 किलो करा. मोदकांसाठी 45 टक्के म्हणजे 4.5, तसाच पाचवा आकडा, 0.98. अंदाज 1000 असेल तर 980 करा. एकाच दुकानात एक पदार्थ अंदाजाहून जास्त आणि दुसरा कमी, हे दोन्ही बरोबर आहे.

इथे एक खड्डा आहे. माल दुपारी चारला संपला तर बिलातली विक्री ही मागणी नसते. त्या दिवशी संपल्याची वेळ लिहून ठेवा. एरवी चार वाजेपर्यंत दिवसाच्या 70 टक्के विक्री होत असेल आणि 210 गेले असतील, तर मागणी 210 भागिले 0.70, म्हणजे 300 धरा. हे केलं नाही तर दरवर्षी कमी माल कराल आणि आकडे म्हणतील की अंदाज अगदी अचूक होता.

भगर, राजगिरा, साबुदाणा टिकतात, त्यांना हे सूत्र लावत बसू नका. तिथे थोडं जास्तच भरा, फक्त पावसाळ्यात गोण्या भिंतीपासून आणि जमिनीपासून दूर, फळ्यांवर ठेवा.

पीठभाजणी_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. तिसरा रकाना आजच लावते. एकच विचारायचं राहिलं: अधिक महिन्यात अनारशाच्या पिठाचं काय? ते आम्ही फक्त दिवाळीला करतो.

तिथीवार

ताई, ते यंदा नक्की करा. धोंड्याच्या महिन्यात जावयाला 33 अनारसे द्यायची रीत तुमच्या भागातही आहे. तुलनेला 2025 ची दिवाळी घेऊ नका, 2023 चा अधिक श्रावण घ्या: 18 जुलै ते 16 ऑगस्टची बिलं काढा. त्यात अनारशाचं पीठ नसेल तर त्या दिवसांत जाड तांदूळ आणि गूळ एकाच बिलावर किती वेळा गेले ते शोधा. घरी पीठ करणारी गिऱ्हाइकं त्यात सापडतील.

जावयाला जेवायला बोलवायचं तर रविवार सोयीचा. 17, 24, 31 मे आणि 7, 14 जून असे पाच रविवार या महिन्यात आहेत. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, मग सावलीत वाळवून दमट असतानाच दळायचे, गूळ घालून गोळा पाच-सहा दिवस मुरवायचा. म्हणून 24 मेच्या रविवारचं पीठ हवं तर तांदूळ 13 तारखेला भिजत पडायला हवेत. मे महिन्यात भिजवणाचं पाणी दिवसातून दोनदा बदला, एकदा बदललं तर आंबूस वास येतो. आणि जूनच्या पीठाला गूळ किंचित कमी घाला. पावसाची हवा सुरू झाली की गोळा सैल होतो आणि अनारसा तुपात हसतो, म्हणजे पसरून फुटतो. पहिल्या घाण्याला 10 किलोच करा, 24 तारखेचा खप बघून 7 आणि 14 जूनच्या रविवारांचं ठरवा.