जुन्या गाडीची चॅसिस घरी वेल्ड करावी का?

रविवारचा फिटर (धागाकर्ता)
माझं मत आधीच सांगतो: बेलाशक करावी. चॅसिस म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा. पन्नाशीच्या दशकातली लॅडर फ्रेम म्हणजे शिडीसारख्या दोन लांब रेल आणि मध्ये आडवे क्रॉस मेंबर. साधं माईल्ड स्टील, जाडी ३ मिमीच्या आसपास. घरच्या मिग मशीनला (तार आपोआप पुढे सरकवणारं वेल्डिंग मशीन) हे झेपतं. माझ्या गाडीच्या मागच्या शॅकलजवळ (स्प्रिंग फ्रेमला जोडणारी हलती कडी) स्क्रूड्रायव्हर टोचला, तर मुठीपर्यंत आत गेला! आधी कुणीतरी पैसे घेऊन 'दुरुस्त' केलेली जागा ती. गंजावर पत्रा, त्यावर अजून एक पत्रा, वर काळा रंग. मी निदान चांगलं लोखंड लागेपर्यंत कापून नवा तुकडा बसवला. आता पुढच्या अर्ध्या भागात सी-आकाराच्या रेलला उघड्या बाजूने पट्टी मारून बंद डबा करायचा विचार आहे.

तिसरा गिअर
साफ असहमत. मिगची गंमत हीच की करंट कमी असला तरी बीड, म्हणजे वेल्डची रेघ, देखणा येतो. खाली मूळ धातू वितळलेलाच नसतो. घरी वेल्ड केलेलं गेट तुटलं तर फक्त गेट पडतं. स्प्रिंग फ्रेमला धरून ठेवणारा हँगर सुटला तर समोरून येणाऱ्याचा काय दोष?

रविवारचा फिटर
त्याच जाडीचे तुकडे जोडून, व्हाइसमध्ये धरून वाकवून पाहिले. आडवे कापूनही पाहिले. मग फ्रेमला हात लावला.

तिसरा गिअर
ते टेबलावर. गाडीखाली उताणं पडून, डोक्यावर ठिणग्या घेत मारलेला वेल्ड तसाच येतो का?

रविवारचा फिटर
हे मान्य. म्हणून बॉडी उतरवली, फ्रेम उलटी करून काम केलं. बॉडी न उतरवता हे करू नये, इथपर्यंत तुमच्याशी सहमत.

गंजलेला नट
तुम्ही दोघं वेल्डवर भांडताय, माझा आक्षेप त्या पट्टीला आहे. ती फ्रेम थोडी पिळवटावी, याच हिशोबाने बनवलेली असते. अर्धी रेल डबा केली की तेवढा भाग ताठ होतो आणि सगळा पीळ, पट्टी जिथे संपते तिथे गोळा होतो. उद्या तडा तिथेच जाणार. मारायचीच असेल तर टोक सरळ उभं कापू नका, माशाच्या तोंडासारखं निमुळतं करा. फ्लँजवर, म्हणजे सी-रेलच्या वरच्या-खालच्या कडांवर, आडवा वेल्ड नको. आणि सलग बीड ओढू नका. इंचभर इकडे, इंचभर पलीकडे. निवताना वेल्ड आकसतो आणि रेल केळ्यासारखी वाकते. फ्रेमचे दोन्ही कर्ण मोजलेत ना? ते सारखे भरायला हवेत.

जाता जाता
विषयांतर, पण महत्त्वाचं: क्लोरीनवाल्या ब्रेक क्लीनरने पुसून वेल्ड मारू नका. फॉस्जीन तयार होतो, विषारी वायू.

रविवारचा फिटर
आत्ता मोजून आलो. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा ७ मिमी जास्त भरतोय. वेल्ड मारण्याआधी मोजलेच नव्हते, त्यामुळे वाक जुना की माझ्या हातचा, कळायला मार्ग नाही.

तिसरा गिअर
कुठून मोजलंत? रेलच्या टोकांपासून नको, स्प्रिंगच्या भोकांच्या मध्यापासून ओळंबा जमिनीवर सोडा, खुणा करा आणि पुन्हा मोजा. तोपर्यंत ती पट्टी राहू द्या बाजूला.